मिशन वाडीतली जास्तीची कबर

चुन्याची रेघ ओली असतानाच एक कुत्रं तिच्यावरून गेलं. चर्चच्या पायऱ्यांपर्यंत त्याचे पांढरे पंजे उमटले.

*

हंगामाच्या सणाला मिशन वाडीत अर्पणांचा लिलाव होई. बासष्ट साली लिलावात बाजरीची कणसं, भुईमूग, दुधी भोपळे आणि एक कोंबडा होता. एकोणऐंशी साली बिस्किटांचे पुडे, साबणाच्या वड्या आणि कुणीतरी कंपनीतून आणलेली चकचकीत पिस्टन पिन. सगळ्यात मोठी बोली पिनेला लागली. तिचं काय करायचं, हे ती घेणाऱ्यालाही माहीत नव्हतं.

*

ओतकामात साच्यातल्या वाळूच्या गाभ्याला तारेनं भोकं पाडली नाहीत, तर आत कोंडलेला वायू वितळलेलं लोखंड उसळून बाहेर फेकतो.

*

कंपन्यांची सुट्टी गुरुवारी आली, तेव्हा रविवारची सकाळची उपासना संध्याकाळवर गेली. देव थांबतो, भोंगा थांबत नाही, असं जुने पाळक अण्णासाहेब म्हणत आणि स्वतःच हसत.

*

रस्त्यापलीकडे गोजाबाईंच्या परसात वांगी धरली होती.

*

उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, एप्रिल १९८०. येशूचे क्रूसावरचे सात उद्गार वाचून झाले. भर दुपारी तीन तास बंद असलेलं चर्चचं दार उघडलं आणि माणसं उन्हात आली. पहिली बाई पायरीवरच थांबली. मागच्यांनी तिला ढकललं, मग तेही थांबले.

समोरच्या मोकळ्या पटांगणात एक कबर होती. ताजी, पुरुषभर लांब, वर दोन फळ्यांचा क्रूस.

आत जाताना ती नव्हती.


रेघेवर

शनिवारी सकाळी भूसंपादन कचेरीचा चौकशी अधिकारी जयसिंग मोहिते जीपमधून उतरला. बगलेत नकाशाची गुंडाळी होती. ती त्यानं बॉनेटवर पसरली आणि नकाशात नसलेली गोष्ट बघायला मान वर केली.

मिशन वाडी म्हणजे पश्चिमेला दगडी चर्च, त्याच्या मागे जुनं कबरस्तान, दोन्ही अंगांना कौलारू घरांच्या ओळी. चर्चच्या पुढे, पूर्वेला, मोकळं पटांगण. मग रस्ता. रस्त्यापलीकडे बबनरावांचे नवे दुकानांचे गाळे आणि त्यांना चिकटून त्यांची आई गोजाबाई राहते ते जुनं घर. नव्या नगराचा मोठा रस्ता इथून जायचा होता. कबरस्तान कचेरीनं वगळलं होतं. पटांगण कागदावर 'मोकळी जागा' होतं, म्हणून रेघ त्यातून गेली. रेघेबरोबर चर्चचा दर्शनी भाग जाणार होता आणि घरांची पहिली ओळ सबंध. सोमवारी सकाळी बुलडोझर यायचा होता.

कबर बरोबर रेघेवर होती. चुना एका बाजूनं मातीच्या ढिगाखाली शिरला होता आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर निघाला होता.

"कोण वारलं?" जयसिंगनं विचारलं.

"कुणी नाही," पाळक लक्ष्मणराव म्हणाले. सहा वर्षांपूर्वी, अण्णासाहेब वारल्यावर, ते या मंडळीत आले होते. पांढरा सदरा, वरचं बटण लावलेलं, चेहरा जागरणाचा. "मी घरोघर जाऊन आलो. वाडीत सगळे जिवंत आहेत."

"पाळकसाहेब, तुम्ही जरा गप्प बसा ना!" मागून एक तरुण पुढे आला. विलास साळवे, मंडळीच्या तरुण संघाचा चिटणीस, कंपनीत लेथवर होता. "साहेब, कबर आहे म्हणजे कुणीतरी वारलंय. मीच तार केली कचेरीला. नियम काय आहे तो आधी सांगा."

"नियम सोपा आहे. पटांगणात खरं दफन असेल आणि त्याला साक्षीदार असेल, तर ही मोकळी जागा नाही. रेघ रस्त्यापलीकडे सरकेल. चर्च राहील, वाडी राहील."

"आणि नसेल तर?"

"सोमवार."

तेवढ्यात वाडीच्या टोकाच्या खोलीत भाड्यानं राहणारी केसरबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. "जय भीम, साहेब. पाणी घ्या." तो प्यायला. रिकामा तांब्या हातात घेऊनही ती हलली नाही. "साहेब, ते यंत्र इथं थांबंल का?"

"चर्चच्या अलीकडे? ते आता ठरायचंय, बाई."

"चर्चचं नाही. इथं." तिनं कबरीकडे हनुवटी केली आणि कुणी पुढचं विचारायच्या आत निघून गेली.

जीपचा ड्रायव्हर खंडू मघापासून टोपी हातात घेऊन उभा होता. तो जयसिंगच्या कानाशी आला, पण आवाज काही त्याला बारीक करता आला नाही.

"साहेब, ही रेघ मारणारा आपला मोजणीदार... मालोजी... परवापासून घरी आला नाही. बायको काल माझ्या घरी येऊन रडत होती."

सगळ्यांनी कबरीकडे पाहिलं. नेमकी पुरुषभर लांब.


उकरा की

"मालोजी?" बबनराव इतके हसले की त्यांचं पान खाली पडायची वेळ आली. "अहो, तो तळवड्याला यात्रेत आहे. बैलगाड्यावर पैज लावून घड्याळ हरला. बायकोनं लग्नात दिलेलं घड्याळ! घरी कुठल्या तोंडानं जाईल? आमचा गडी आत्ताच त्याच्याबरोबर चहा पिऊन आलाय."

खंडूनं टोपी डोक्यावर घातली.

बबनराव गाळ्यांच्या पुढे खुर्ची टाकून बसले होते. गावच्या जुन्या शेतकरी घरातले. जमीन कंपन्यांना गेली, तिच्या पैशातून इथे गाळे आणि चिखलीच्या रस्त्याला भाड्याच्या शेड उभ्या राहिल्या. गाळ्यांना अजून शटर लागायची होती.

"एवढा विचार कसला करताय राव? उकरा की! दोन गडी देतो मी."

"कबर उघडायला दंडाधिकाऱ्यांचा हुकूम लागतो. सणाची सुट्टी आहे. सोमवारच्या आत मिळणार नाही."

"मग मी सांगतो. ढोंग आहे हे. रेघ माझ्या गाळ्यांवर ढकलायची म्हणून पाळकानं माती ओढलीय."

"पाळक तर म्हणतात कुणी मेलं नाही."

बबनरावांना हे अनपेक्षित होतं. "मग त्या विलासनं. सारखा मोर्चे काढत असतो कंपनीत."

पलीकडच्या ओट्यावर गोजाबाई सुपात वांगी घेऊन बसल्या होत्या. जयसिंग त्यांच्यापाशी गेला. "रामराम, आजी. काल दुपारी समोर कुणाला पाहिलंत?"

"मला काय इचारता, साहेब. डोळ्याला पडदा आलाय. दिस हाय का रात हाय, येवढंच कळतं. च्या घेता का? गुळाचा हाय."

बोलता बोलता त्यांनी एक वांगं उचललं, देठाशी नख घातलं आणि तांदळाएवढी अळी काढून लांब फेकली.

जयसिंगनं चहा घेतला. घराच्या कडेला परस होतं. आजूबाजूला सगळीकडे खडी आणि सिमेंट असताना तेवढी एकच काळी जमीन उरलेली. तिच्या कोपऱ्यात एक खोलगट चौकोन ताजा उकरलेला होता.

"तिथं काय होतं, आजी?"

"कुठं?"

"कोपऱ्यात."

"लसूण. काढला."

पडदा आलेल्या डोळ्यांनी त्यांनी बरोबर त्या कोपऱ्याकडे पाहिलं. मग सूप उचलून त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

पटांगणात परत येईपर्यंत विलास त्याची वाट बघत होता. "साहेब, माझा जबाब घ्या," तो म्हणाला. "खाली कोण आहे ते मला माहीत आहे."


विलासचा जबाब, प्रश्न गाळून

विलास साळवे. इथेच जन्मलो.

भिकारी होता. चर्चच्या पायरीवर झोपायचा.

ताप आला होता. गुरुवारी गेला.

नाही, पाळकसाहेबांना नाही सांगितलं. त्यांनी दहा प्रश्न विचारले असते. तुमच्यासारखे.

काल. उपासना चालू असताना.

मीच खणली. एकट्यानं.

पुरुषभर खोल. पुरेपूर.

नाव? भिकाऱ्याला नाव कोण विचारतो, साहेब.

हो. शपथेवर.


अर्धं उत्तर

जयसिंगनं जबाब घडी करून खिशात घातला. सही घेतली नाही. तो पाळकांना आणि विलासला घेऊन चर्चच्या मागे गेला.

जुन्या कबरस्तानात बारक्या-मोठ्या कबरी ओळीनं होत्या. प्रत्येकीचा क्रूस पश्चिमेच्या टोकाला.

"असं का?" त्यानं विचारलं.

"डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला," लक्ष्मणराव म्हणाले. "पुनरुत्थानाच्या सकाळी उठून बसतील तेव्हा तोंड सूर्याकडे असावं. आमच्यात लहान मुलालाही माहीत असतं हे."

"पुढच्या कबरीचा क्रूस पूर्वेच्या टोकाला आहे. रस्त्याकडे."

विलासनं ओठ आवळले. "घाईत चुकला असेल माझ्याकडनं."

"बरं. हा खड्डा कसला?"

"नळासाठी खणलाय, गेल्या आठवड्यात."

"वीतभर तांबडी माती आणि खाली सगळा पिवळा मुरूम. काढलेला मुरूम वर पडलाय बघ. तू पुरुषभर खोल खणलंस, मग तुझ्या ढिगावर मुरमाचा खडासुद्धा कसा नाही? सगळी भुसभुशीत काळी माती." तो पाळकांकडे वळला. "सात उद्गार सात जण वाचतात ना? काल कुणी कुणी वाचले?"

लक्ष्मणराव जमिनीकडे बघत राहिले. "चौथा विलासनं. वाचणारे सातही जण पुढच्या बाकावर बसतात. शेवटच्या प्रार्थनेपर्यंत कुणी उठत नाही."

"मग मी काय करू?" विलास ओरडला. त्याचा आवाज भिंतीवर आपटून परत आला. "माझ्या आजोबांनी या भिंतीचे दगड वाहिले. आईला चुलीपासून उठवून कुठल्या तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवू? तुम्ही म्हणता पर्यायी घरं मिळतील. एकाला चिखलीत, एकाला देहूरोडला! मग ही मंडळी कुठली राहिली? रविवारी आम्ही एकमेकांना पत्ते विचारत फिरायचं?"

जयसिंगला जे दिसलं होतं ते त्यानं सांगितलं.

"खाली खड्डा खणलेलाच नाही. कुणीतरी बाहेरून माती आणून ढीग केलाय. तुम्ही सगळे तीन तास बंद दाराआड होता, आणि तुमच्यातला कुणीही क्रूस पायाकडे लावणार नाही. म्हणजे करणारा ख्रिस्ती नाही. माती कुठून आली, ते मला तितकंसं महत्त्वाचं वाटत नाही. कबर बनावट आहे, एवढं पुरे."

हे शेवटचं वाक्य त्याची चूक होती. ती त्याला संध्याकाळी कळली.

पटांगणात वाडी जमली होती. बायका पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. जयसिंगनं पाळकांना बाजूला घेतलं. तो काय बोलतोय याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं.

"तुम्ही एकदा म्हणा, मी दफन केलं. पाळकाचा शब्द मी लिहून घेईन. वर कुणी विचारणार नाही."

लक्ष्मणरावांनी कपाळाचा घाम पुसला. विलास पाच पावलांवर होता. त्यानं हात जोडले होते, पाळकांकडे बघून.

"उद्या पहाटे मी मागच्या कबरींपाशी उभा राहणार आहे," लक्ष्मणराव म्हणाले. "मेलेली माणसं उठतील, असं या सगळ्यांना सांगणार आहे. आज न मेलेला माणूस पुरला असं बोललो, तर उद्या माझ्यावर कोण विश्वास ठेवील? नाही, साहेब."

विलासनं त्यांच्याकडे पाठ फिरवली.

जयसिंग कबरीच्या काठावर बसला, गुडघ्यावर कागद ठेवला आणि 'बनावट' हा शब्द लिहायला पेन उघडलं. ऊन तिरपं झालं होतं. तिरप्या उन्हात ढिगाच्या पाठीवर त्याला बारीक बारीक सावल्या दिसल्या. भोकं होती. सायकलच्या तारेएवढी. सरळ ओळींत, सारख्या अंतरावर, डोक्यापासून पायापर्यंत.

"मुंग्यांची असतील," मागून कुणीतरी म्हणालं.

"मुंग्या ओळ धरून भोकं पाडतात?"

त्यानं पेन बंद केलं.


बबनराव हुशारी दाखवतात

गर्दी बघून बबनराव रस्ता ओलांडून आले होते. वाकून त्यांनी ढीग पाहिला आणि टाळी वाजवली.

"सापडला की चोर! साहेब, चिखलीला माझ्या शेडात फाउंड्री आहे भाड्यानं. तिथं बाया वाळूचे गाभे बनवतात. कोअर म्हणतात त्याला. गाभा थापला की तारेनं अशीच भोकं पाडतात, नाहीतर ओतताना वायू कोंडतो आणि माल फुटतो. दिवसभर तेच काम. हाताला इतकी सवय लागते की भाकरी थापतानासुद्धा बोट टोचत असतील!" त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "माझं ढोंग म्हणणं खरं झालं. फाउंड्रीतल्या माणसाचं काम आहे हे. लिहा आता."

"वाडीत फाउंड्रीत कोण जातं?" जयसिंगनं विचारलं.



"एकच तर आहे," बबनरावच उत्साहानं म्हणाले. "टोकाच्या खोलीतली केसरबाई." आणि पुढच्या क्षणी त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पण तिला काय पडलंय? ती तर ख्रिस्तीही नाही."

"तेच," जयसिंग म्हणाला.


केसरबाई

जयसिंग पाळकांना आणि विलासला घेऊन गेला, तेव्हा ती दारातच बसली होती, जणू बोलावणं यायचंच होतं. आत भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली नवऱ्याचा, हार घातलेला. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला होता.

"काल दुपारी तुम्ही कामावर नव्हता."

"रजा टाकली."

"घमेल्यानं माती आणलीत."

"आणली." तिनं लपवलं नाही. "दुपारची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आत गाणी चालली होती."

"आणि तारेनं भोकं पाडलीत."

"भोकं?" ती दचकली. मग तिनं आपला उजवा हात उलटा करून पाहिला. "सायकलची तार असतीच कमरेला खोवलेली. माझ्या हातानं कधी केलं, मला नाही कळलं, साहेब."

"ही खोटी कबर कशासाठी, केसरबाई? चर्चसाठी?"

"खोटी?"

ती उठून उभी राहिली. इतका वेळ तिचा आवाज खाली होता; आता दाराबाहेरच्या माणसांनाही ऐकू गेला.

"खोटी कोण म्हणतं? माझं लेकरू आहे खाली!"

विलास ओट्याच्या खांबाला धरून उभा राहिला.

"एकोणसत्तर सालचा पावसाळा. मालक कामाच्या शोधात मुंबईला गेलेले. पोरगी तापात गेली. आम्ही परभणीकडून आलेले, गावच्या मसणवट्यात आम्हाला कोण जागा देतं? अण्णासाहेब पाळक म्हणले, इथं आण. मागच्या कबरस्तानात पुरायचं तर पंचांना विचारावं लागतंय, ते म्हणतील बाहेरचं लेकरू कशाला. म्हणून पुढं, चिंचेखाली. कुठं लिहिलं नाही, दगड लावला नाही. चिंच ती खूण. मग विजेचे खांब आले तेव्हा चिंच तोडली." तिनं श्वास घेतला. "गुरुवारी बाजारातून आले तर चुना पडलेला. नेमकी जागा मला आठवंना, साहेब. इथं होती का दोन हात तिकडं. म्हणून मोठी केली. कुठंही असली तरी झाकली जावी."

"आणि क्रूस रस्त्याकडे?"

"यंत्र तिकडून येणार ना? त्यांना लांबूनच दिसावा. बुद्धाची मूर्ती ठेवली असती तर म्हणले असते, चर्चच्या पटांगणात ही कुठनं आली, आणि उचलून बाजूला केली असती."

"सकाळीच बोलला का नाहीत?"

"ह्यांच्या जागेत चोरून पुरलेलं लेकरू. अण्णासाहेबांना मेल्यावर बोल लागला असता. आणि मला खोली सोड म्हणले असते."

खाली खड्डा नव्हताच, कारण तो अकरा वर्षांपूर्वीच खणून बुजवला होता. वरचा मुरूम इतक्या पावसांत कधीच वाहून गेला होता. कबर नवी नव्हती, एवढंच. जयसिंगनं हे मनात जुळवलं आणि लगेच पुढची अडचण त्याच्यासमोर उभी राहिली.

"साक्षीदार लागेल. दफनाच्या वेळी कोण होतं?"

"अण्णासाहेब. ते गेले."

"आणखी?"

"कुणी नव्हतं."

फार पटकन म्हणाली. जयसिंगनं तिच्या पायांकडे पाहिलं. घोट्यांवर वाळलेली काळी माती अजून होती. वाडीत कुठेच नसलेली माती.

"मी सकाळपासून चुकतोय," तो म्हणाला. "माती महत्त्वाची होती. एवढी घमेली भरून नेताना परसाची मालकीण ओट्यावर बसलेली असते. ती ओरडली नाही. मला सांगते, लसूण काढला."

"त्यांचं नाव घेऊ नका, साहेब," केसरबाई हळू म्हणाली. "त्यांना त्यांच्या घरातच राहायचंय."


साक्ष

रविवारी पहाटे मागच्या कबरींवर फुलं पडली, मेणबत्त्या लागल्या, लक्ष्मणराव बोलले. उजाडल्यावर वाडी रस्त्याच्या अलीकडे येऊन उभी राहिली. पलीकडे ओट्यावर गोजाबाई, त्यांच्या मागे दार अडवून बबनराव.

जयसिंगनं काही लपवलं नाही. "आजी, तुम्ही साक्ष दिलीत तर रेघ इकडे सरकेल. गाळे जातील. परस जाईल, आणि हे घरही जाईल. नाही दिलीत तर उद्या समोरचं पडेल. तुम्हाला दिसत नाही म्हणालात. तसंच लिहू?"

"तसंच लिहा," बबनराव म्हणाले. "आईला दिसत नाही. आई, सांग त्यांना."

गोजाबाईंनी आपल्या मुलाकडे पाहिलं. नंतर रस्त्यापलीकडे, गर्दीच्या मागे उभ्या असलेल्या केसरबाईकडे.

"केसर, म्होरं ये."

"नको, मावशी. राहू द्या."

"म्होरं ये म्हनते ना! परवा माती न्हेताना इचारलंस, तवा मी न्हाई म्हनले का?" त्या जयसिंगकडे वळल्या. "दिसतंय मला, साहेब. समदं दिसतंय. कंदील माजा व्हता त्या राती. पाऊस असा की वात टिकंना. ही माज्या शेतात भांगलायला यायची. पोरीला माज्या हिरव्या लुगड्यात गुंडाळली, निम्मं फाडून. पाळकानं हातात घेतली आन खाली ठिवली. आमी तिघंच व्हतो."

"मुलीचं नाव?"

केसरबाईनं गोजाबाईंकडे पाहिलं.

"कस्तुरा," गोजाबाई म्हणाल्या.

"आई!" बबनरावांचा चेहरा पडला होता. "तू मला रस्त्यावर आणतीयस!"

"रस्ताच तुज्या दारात आनतीय, बबन. तुला लई हौस व्हती ना रस्त्याची? नारळ फोडायला पयला व्हतास."

गर्दीत कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. गोजाबाई हसत नव्हत्या. त्यांचा हात ओट्याच्या दगडावरून फिरत होता, पुढे आणि मागे.

"कुठं उठवायचा अंगठा?" त्यांनी विचारलं.


सोमवार आणि इतर

सोमवारी बुलडोझर आला, क्रूस बघून लांबच थांबला आणि चालक खाली उतरून विडी ओढत बसला. दुपारी कचेरीतून माणूस आला. नव्या रेघेसाठी मालोजी आला होता. मनगटावर घड्याळ नव्हतं.

*

मंडळीच्या पंचांनी ठराव केला की पटांगणातली कबर मंडळीची आहे. विलासनं क्रूस काढून पश्चिमेला लावायचा का, असं विचारलं. लक्ष्मणराव म्हणाले, असू दे तिकडेच.

*

रस्ता रुंद झाला तशा वाडीच्या जागेच्या किमती चढल्या. ब्याऐंशीपर्यंत पहिल्या ओळीतली निम्मी घरं त्यांच्या मालकांनी स्वतःच विकली. ती कुणी पाडायला लावली नाहीत. विलासनं आईला पिंपरीत तिसऱ्या मजल्यावर नेलं. कबर, चर्च आणि केसरबाईची खोली राहिली. रविवारी संध्याकाळी लोक बसनं येतात आणि उपासना संपली की पायरीवर उभं राहून एकमेकांचे पत्ते लिहून घेतात.

*

गोजाबाई बबनरावांकडे राहायला गेल्या. त्यांच्यात बोलणं होतं की नाही, याबद्दल गावात दोन मतं आहेत.

*

कस्तुरा पहिल्यांदा रांगली ती गोजाबाईंच्या अंगणात, १९६९ च्या उन्हाळ्यात.